सहावी-सातवीची मुलं चांगली वागावीत म्हणून: चांदण्यांचा तक्ता का पडतो आणि त्याऐवजी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळा. सहावी-सातवी एकाच खोलीत बसतात, पट ३४. जेवणाच्या सुट्टीनंतर वर्ग जागेवर यायलाच दहा-बारा मिनिटं जातात. मुलगे एकमेकांना ढकलतात, चिडवतात. तीन-चार जण सतत उलट बोलतात. टीचरनी भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता लावून चांदण्या द्यायला सुरुवात केली. दोन आठवडे बरं चाललं, तिसऱ्या आठवड्यात मुलंच चांदण्यांवर हसायला लागली. छडी हातात घ्यायची नाही हे त्यांचं पक्कं आहे. मग मुलं आपणहून नीट वागावीत यासाठी करायचं काय?

टीचर, तुमची कल्पना चुकीची नव्हती. चांदणी ज्या पद्धतीनं दिली गेली ती या वयाला चालत नाही. "आज चांगला वागलास" म्हणून चांदणी मिळाली, तर आपण नेमकं काय केलं म्हणून मिळाली हे मुलाला कळत नाही, आणि जे कळलं नाही ते तो उद्या परत करणार कसं? दुसरं, तिसरीतल्या मुलाला सगळ्यांसमोर टीचरनी कौतुक केलेलं आवडतं. बारा वर्षांच्या मुलाचं लक्ष मागच्या बाकाकडे असतं. चारचौघांत शाबासकी घेतली की "टीचरचा लाडका" हा शिक्का बसतो आणि तो पुसायला तो मुद्दाम काहीतरी वाकडं करतो. तिसरं, तक्त्यावर गुरुवारपर्यंत तीच सहा नावं पुढे गेलेली असतात. बाकीच्या अठ्ठावीस जणांच्या दृष्टीनं तो खेळ तिथंच संपलेला असतो.

बक्षिसाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असावी. १९७३ साली अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. चित्रं काढायची ज्यांना आधीच आवड होती, त्यांतल्या काहींना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ" असं आधी सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं, पण पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. म्हणून जे मूल आपणहून करतंय त्याला बक्षीस लावू नका. बक्षीस लागतं ते जे अजून जमत नाही त्याला, आणि तेही जमेपर्यंतच.

आता काय करायचं ते सांगतो. सगळं एकदम सुरू करू नका. दिवसातली एकच वेळ निवडा. तुमच्याकडे ती जेवणानंतरची आहे.

आधी तीन दिवस फक्त मोजा. वहीच्या शेवटच्या पानावर दोन गोष्टी लिहा: घंटा झाल्यापासून शेवटच्या मुलाची वही उघडेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि त्या तासात तुम्ही किती वेळा टोकलंत व किती वेळा कौतुक केलंत. दुसरी गोष्ट शिकवता शिकवता मोजणं अवघड जातं. त्यासाठी डाव्या मनगटात दहा रबर बँड घाला. नेमकं कौतुक केलं की एक उजव्या हातात. टोकलं की खडूनं टेबलावर एक रेघ. तास संपला की मोजा. बहुतेक शिक्षकांचे रबर बँड डाव्याच हातात राहतात आणि रेघा मात्र वीस-पंचवीस होतात. शिक्षक वाईट असतो म्हणून असं होत नाही. दंगा कानावर आदळतो, नीट बसलेलं मूल नजरेत भरत नाही. हे प्रमाण उलटं करून एका टोकण्यामागे निदान चार वेळा नेमकं कौतुक, इथवर आणायचं आहे. एका दिवसात ते होत नाही; आठवड्याला दोन-दोन रबर बँड वाढवत न्या.

चौथ्या दिवशी वागणं शिकवायला घ्या. शिकवायला, म्हणजे अपूर्णांक शिकवतो तसं. "शिस्तीत या" हे वाक्य मुलांनी पहिलीपासून हजारदा ऐकलंय, पण शिस्तीत येणं म्हणजे पावलं कुठं टाकायची हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. पायऱ्या ठरवा: ताट धुऊन जागेवर ठेवायचं, नळावर एका वेळी चौघांनीच पाणी प्यायचं, चपला बाहेर भिंतीला लावून ओळीत, आत येऊन फळ्यावरचं गणित वहीत उतरवायचं. यातली शेवटची पायरी तुमच्या हातात आहे आणि सगळं तिच्यावरच उभं आहे. मुलं आत येण्याआधी फळ्यावर काम लिहिलेलं पाहिजे. दोन मिनिटांत होईल असं, सगळ्यांना जमेल असं. फळा कोरा असेल तर आत आलेल्या मुलाला शेजाऱ्याला कोपरा मारण्याखेरीज उद्योग उरत नाही.

मग करून दाखवा. एकदा तुम्ही स्वतः चुकीच्या पद्धतीनं आत या: चप्पल भिरकावत, बाकावर हात आपटत. मुलं खदखदून हसतील, हसू द्या. "काय काय चुकलं?" विचारा, ती बरोब्बर सांगतील. मग दोन मुलं, दोन मुली नीट येऊन दाखवतील. मग अख्खा वर्ग बाहेर जाऊन परत येईल. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, पुढे आठवडाभर रोज एकदा. वेळ लावा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहा: काल ११ मिनिटं, आज ८. स्वतःचाच कालचा आकडा मोडायची ईर्षा या वयात जबरदस्त असते. दसऱ्याच्या सुट्टीनंतर हे सगळं पुन्हा एकदा शिकवावं लागेल. जूनमध्ये सांगितलं होतं म्हणून ऑक्टोबरमध्ये आठवेल असं धरून चालू नका.

वर्गाचे नियम तीनच ठेवा, फार तर चार. सगळे "काय करायचं" या भाषेत. "बोलू नये, मारू नये, धावू नये" अशी यादी वाचून करायचं काय ते कळत नाही. "समोरचा बोलताना ऐकायचं. हात-पाय आपल्यापाशी. हाती घेतलेलं काम पुरं करायचं." एवढं पुरे. प्रत्येक नियम वर्गात कसा, नळावर कसा, शाळेत मिळणाऱ्या दुधाच्या रांगेत कसा, एसटीच्या थांब्यावर कसा, हे मुलांकडूनच काढून घ्या.

कौतुक कसं करायचं, यावर थोडं जास्त थांबतो. "शाब्बास", "गुड" हे आवाज आहेत, त्यांतून माहिती मिळत नाही. कृतीचं नाव घ्या: "तू वाटीतलं दूध सांडलेलं स्वतः पुसलंस." बस्स. तिथं "किती गुणी आहेस" जोडू नका. कृतीचं नाव घेतलं की मूल ती परत करू शकतं. गुणी असण्याचं ओझं मात्र त्याला पेलत नाही. हुशारीपेक्षा कष्टाचं आणि युक्तीचं कौतुक करा, कारण हुशार ठरलेलं मूल अवघड गणिताला हात घालायला घाबरतं. आणि हळू आवाजात. वही तपासताना बाकापाशी वाकून एक वाक्य, किंवा वहीत शेऱ्याच्या जागी पेन्सिलनं एक ओळ. अख्ख्या वर्गासमोर कौतुक करायचंच असेल तर गटाचं करा, एकट्याचं नको. मूल लाजलं, खांदे उडवले, तरी ते पोचलेलं असतं. "थँक्यू म्हण की" असा आग्रह धरू नका.

आपल्या भागातली एक चूक इथं सांगायलाच हवी. आपली मुलं घरी बोलतात ती बेळगावी मराठी. सदा उलट बोलणारा एखादा मुलगा एके दिवशी पुढे येऊन वही धरतो आणि म्हणतो, "टीचर, मी सगळी गणितं केलो की." आणि टीचरच्या तोंडून निघतं, "केलो नाही रे, केली म्हण!" वर्ग हसतो. तो वही मिटून जागेवर जातो. महिनाभरात पहिल्यांदा त्यानं जे करावं असं आपल्याला वाटत होतं ते केलं होतं आणि त्याबदल्यात त्याला हसं मिळालं. पुढचा महिना तो वही दाखवणार नाही. त्या क्षणी म्हणायचं ते एवढंच: "सगळी? बघू. पाचवं अवघड होतं, तेही सोडवलंस." कानडीच्या शेजारानं घडलेली ती बोली आहे, शाळेतली प्रमाण मराठी शिकवायला व्याकरणाचा तास आहे, तिथं सावकाश आणि त्याचं नाव न घेता शिकवा.

दुसरी जुनी सवय म्हणजे टीचर ऑफिसात गेल्या की मॉनिटरनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. ही पद्धत कृपा करून बंद करा. ज्याला लक्ष हवं असतं त्याला फळ्यावर मोठ्या अक्षरात नाव मिळतं, पुढे तीन फुल्या म्हणजे तर मानच. मॉनिटर मित्रांची नावं गाळतो, भांडण झालेल्याचं घालतो, आणि त्याचा हिशेब एसटीच्या थांब्यावर होतो. मॉनिटरला फळाच द्यायचा असेल तर काम उलटं द्या: कुणी काय मदत केली ते लिहायचं, नाव न घालता. "कुणीतरी पहिलीतल्या पोरीची बाटली भरून दिली." दहा मिनिटांत तीन नोंदी झाल्या तरी खूप. कुणी केलं याचा तर्क मुलं आपसात लढवतात आणि ज्यानं केलं तो गप्प बसून खूश असतो.

तुमच्या तक्त्याच्या जागी मी गटाचा खेळ सुचवेन. १९६९ साली अमेरिकेत चौथीच्या एका वर्गात असा खेळ करून पाहिला गेला आणि पुढे तो अनेक देशांत वापरला गेला. मुळात त्यात नियम मोडला की गटाला खूण मिळायची. आपल्याकडे तो उलट फिरवलेला बरा. ३४ मुलांचे पाच गट करा: चार गट सात-सातांचे, एक सहाचा. सहावी-सातवी मिसळून, मुलगे-मुली मिसळून, आणि ते तीन-चार दंगेखोर वेगवेगळ्या गटांत. वेळ पंधरा मिनिटं, आधी आठवड्यातून तीनच दिवस. मोबाइलवर चार गजर लावा, अंतर अनियमित: दुसऱ्या मिनिटाला, सातव्या, नवव्या, चौदाव्या. गजर वाजला त्या क्षणी ज्या गटातली सगळी मुलं कामात असतील त्या गटाला एक रेघ. चारातल्या तीन रेघा मिळालेला प्रत्येक गट जिंकला. पाचही जिंकले तरी चालतं, उलट तेच हवंय. बक्षिसाला पैसे लागू नयेत: शेवटची पाच मिनिटं गाण्यांच्या भेंड्या, कोडी, शुक्रवारी दहा मिनिटं जादा कबड्डी. चॉकलेटं नकोत. ती संपतात आणि पगारही संपतो.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. मिळालेली रेघ शिक्षक रागाच्या भरात पुसतात; असं एकदा जरी झालं तरी खेळ मोडला. कमावलेलं काढून घ्यायचं नाही. दुसरं, गजर दर पाच मिनिटांनी ठेवला तर मुलं चौथ्या मिनिटाला शहाणी होतात. तिसरं, एखादा मुलगा मुद्दाम आपल्या गटाचा घात करतो, कारण सहा जणांना हरवण्याची ताकद त्याला मिळते. दोनदा असं झालं की न रागावता त्याचा एकट्याचा गट करा. नियम तेच, बक्षीस तेच. आठवड्यानं त्याला विचारून परत गटात घ्या. हरलेल्या गटानं त्याला सुट्टीत धरलं का, यावर मात्र डोळा ठेवा.

चुकीच्या वागण्याचं काय? लहानसहान गोष्टी, पेन वाजवणं, पुटपुटणं, यांकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि शेजारी जो काम करतोय त्याच्या कामाचं नाव घ्या. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस वागणं वाढतं. दाबूनही लिफ्ट येत नाही म्हटल्यावर माणूस बटण जोरजोरात दाबतो, तसं ते आहे. पाचव्या दिवशी चिडून ओरडलात तर मूल एवढंच शिकतं की अजून जोर लावला पाहिजे. मारामारी, अपमान, जात-भाषा-शरीरावरून चिडवणं यांकडे दुर्लक्ष कधीच नाही. तिथं जवळ जा, एका हाताच्या अंतरावर, आवाज खाली, एकच वाक्य: "हात खाली. तू या बाकावर, काम सुरू." आणि पाठ फिरवून निघा. डोळ्यांत डोळे घालून उभं राहिलात तर सगळ्या मित्रांसमोर त्याला उलट बोलावंच लागतं. पाठ फिरवली की त्याला मान न गमावता बसता येतं. बाकीचं बोलणं सुट्टीत, एकट्याशी: काय झालं, कुणाला लागलं, आता भरून कसं काढशील.

वर्गाबाहेर उभं करू नका. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ती सुटका असते, तो मुद्दाम रोज कमावेल. उठाबशा, गुडघ्यावर बसवणं, टोपणनाव ठेवणं यांबद्दल २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम स्पष्ट आहे: शारीरिक शिक्षाही नाही आणि मानसिक छळही नाही.

त्या तीन-चार जणांसाठी वेगळं काम करावं लागेल. आधी पाहा, दंगा कधी सुरू होतो. "पुस्तक उघडा, वाचा" म्हटल्यावर लगेच होत असेल तर ते वागण्याचं दुखणं नाही, वाचनाचं आहे. चौथीचा उतारा पुढे ठेवून एकट्यात वाचून घ्या. अडखळत असेल तर रोज पंधरा मिनिटं खालच्या पातळीचं वाचन आणि वर्गात उघड्यावर वाचायला न लावणं, यानं निम्मा दंगा उतरतो. पहिल्या दोन तासांत होत असेल तर भूक किंवा झोप. बेळगावात वडगाव-शहापुराकडे घरात यंत्रमाग असलेली मुलं रात्री उशिरापर्यंत मागापाशी असतात. निपाणीकडे आई विड्या वळते तेव्हा धाकटी भावंडं थोरल्या मुलीवर असतात. तुमच्या खानापूरच्या पावसात मैल-दोन मैल चालून आलेलं मूल भिजलेल्या कपड्यांत बसतं. खुंटीवर एक कोरडा टॉवेल आणि दोन जुने शर्ट ठेवणं हेसुद्धा वर्गव्यवस्थापनच आहे. फळा दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तर शालेय आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा त्याचं नाव वर ठेवा. घरी मारहाण किंवा त्याहून वाईट काही असल्याचं जाणवलं तर मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा; ते चांदण्यांनी सुटणारं प्रकरण नाही.

ज्याला लक्ष हवंय त्याच्यासाठी कार्ड चांगलं चालतं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. आडव्या ओळी तीन, म्हणजे वर्गाचे तीन नियम. उभे रकाने चार: सकाळ, दुधानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर. प्रत्येक चौकटीत ०, १ किंवा २, एकूण २४ गुण. सकाळी वर्गशिक्षकाखेरीज दुसऱ्या एखाद्या शिक्षकानं, खेळाच्या सरांनी किंवा कानडीच्या टीचरनी, दोन मिनिटं त्याला भेटायचं: जेवलास का, वही आणलीस का, आज कितीवर जायचं. संध्याकाळी तेवढाच वेळ बेरीज करायला. पहिले तीन दिवस लक्ष्य नाही, नुसते गुण. सरासरी ११ आली तर पहिलं लक्ष्य १३, थेट २० नाही. हळूहळू १९ पर्यंत, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या आसपास, न्यायचं. लक्ष्याला कमी पडला त्या दिवशी भाषण नाही: "उद्या नवीन कार्ड." एका वेळी दोन-तीन मुलांपेक्षा जास्त कार्डं एका शिक्षकाला झेपत नाहीत.

अशाच मुलांना शाळेच्या, म्हणजे मुलांनीच चालवायच्या, मंत्रिमंडळात खरं काम द्या. आहारमंत्री म्हणजे नुसता बिल्ला नको: वाट्या मोजणं, रांग लावणं, अंडं-केळं कुणाला हवं याची यादी अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेच्या, स्वयंपाकीण मावशींना देणं. काम चुकलं तर पद काढून घेऊ नका, काम पुन्हा शिकवा.

मराठी आणि कानडी शाळा एकाच आवारात असतील तर एक गोष्ट दोन्ही मुख्याध्यापकांनी बसून ठरवावी: नळ, मैदान आणि दुधाची रांग इथला नियम एकच, दोन्ही भाषांत लिहिलेला. "रांगेत उभे राहा" आणि "सालागि निल्लि" शेजारी शेजारी. कबड्डीचे संघ भाषेवरून पाडू नका. मिसळून पाडा, नाहीतर मैदानावरची प्रत्येक ढकलाढकली घरी पोचेपर्यंत भाषेचं भांडण झालेली असते. भाषेवरून कुणी हिणवलं तर मोठ्यांचं राजकारण मुलांसमोर काढू नका. नियम "समोरच्याशी मानानं बोलायचं" एवढाच, दोन्ही बाजूंना सारखा.

पालकांशी बोलायचं ते पहिलं चांगलं सांगायला. जून-जुलैत प्रत्येक घरी एक तरी निरोप जाऊ दे, चौतीसच्या चौतीस: "आज त्यानं पाण्याची टाकी बंद केली, मी पाहिलं." आईला वाचता येत नसेल तर आवाजाचा निरोप पाठवा. शाळेतून फोन म्हणजे तक्रार, ही धास्ती एकदा मोडली की नोव्हेंबरात तुम्हाला काही अवघड सांगायचं झालं तर ते ऐकलं जातं. आणि घरी फोन करताना विचार करा: या घरात तक्रारीचं उत्तर पट्ट्यानं मिळतं का? मिळत असेल तर ती तक्रार शाळेतच मिटवा. शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, बैठकीत तीन नियम आणि मिनिटांचे आकडे मांडा, मुलांची नावं नाहीत.

एकट्या तुमच्या वर्गात हे केलंत आणि शेजारच्या वर्गात सर ओरडूनच काम करून घेत असतील तर परिणाम निम्म्यावर येतो. सगळ्यांना पटवत बसू नका. एकाच जागेवर एकमत करा, नळावर किंवा दुधाच्या रांगेत; ते जमलं की बाकीचे आपणहून विचारतात.

किती दिवसांत फरक दिसेल? जेवणानंतरची अकरा मिनिटं दोन-तीन आठवड्यांत पाचवर यायला हवीत. न आल्यास मुलांकडे बघण्याआधी फळ्यावरचं काम आणि नळावरची गर्दी बघा, बहुतेक वेळा अडतं तिथंच. सहा आठवड्यांनी गटाचा खेळ आठवड्यातून दोनदा, मग एकदा करा, आणि बक्षीस कधी मिळेल ते आधी सांगू नका. नेमकं कौतुक मात्र कमी करायचं नाही. मार्चमध्ये सातवीच्या मुलांचे दाखले पुढच्या शाळेकडे जाण्याआधी त्या तीन-चार जणांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी तिथल्या वर्गशिक्षकांना लिहा: कशानं बिघडतो ते एका ओळीत, कशानं सावरतो ते चार ओळींत.